आपल्या दारिद्र्याचे चित्र कोणाच्या पैशाने?

१९०१ सालची गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावर आगगाडीतून काही मुले उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर चकचकीत टोप्या, कमरेला रेशीमकाठी धोतरे. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळपीडितांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते. त्या कामावर रोखपाल असलेल्या आपल्या वडिलांकडे ही मुले सुट्टीसाठी निघाली होती. मुलांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली. परंतु जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. भाड्याच्या गाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान या मुलांना न्यावयास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याचे कबूल करून त्यांना वाट धरावी लागली. शिदोरी भरपूर होती. पण वाटेत पाणी कोणी दिले नाही, म्हणून अन्न जवळ असूनही त्या मुलांना उपाशीपोटी रात्र काढावी लागली. त्यांतील एक मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब. ही हकीगत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोटेखानी आत्मनिवेदनात लिहून ठेवली, आणि १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

वाचकहो, ही हकीगत तुम्ही अनेकदा ऐकली असेल. आज ती आम्ही एका निराळ्या कारणासाठी सांगत आहोत. कल्पना करा की त्या दिवशी मसूरच्या फलाटावर एखादा चित्रपट घेणारा गृहस्थ आपला कॅमेरा घेऊन उभा असता. त्याने काय टिपले असते? चांगल्या कपड्यांतील, हसऱ्या चेहऱ्यांची मुले. त्याला तेथे दारिद्र्य दिसले नसते, तहान दिसली नसती, अपमान तर मुळीच दिसला नसता. तोच गृहस्थ पुढे गोरेगावच्या तलावावर गेला असता तर त्याने हाडांचे सापळे झालेली माणसे टिपली असती, आणि ‘दुष्काळ’ असे नाव देऊन तो परत गेला असता. त्या माणसांपैकी कोणाला पाणवठ्यावर जाता येते आणि कोणाला येत नाही, हे त्याच्या चित्रात आले नसते. डोळ्यांना दिसते ते दारिद्र्य आणि माणसाला भोगावे लागते ते दारिद्र्य यांत असे अंतर असते. ते अंतर भरून काढण्यासाठी ज्याने भोगले त्याचीच साक्ष लागते. बाबासाहेबांनी ती साक्ष लेखणीने दिली. आज ती कॅमेऱ्याने देता येते. प्रश्न एवढाच की, तो कॅमेरा कोणाच्या हाती असावा आणि त्याचा खर्च कोणी करावा.

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. पूर्वी अनुबोधपट, ज्याला हल्ली माहितीपट म्हणतात, काढणे हे सरकारचे किंवा धनिकांचे काम होते. आज खिशातल्या फोनवर चित्रण होते. सातारा-सांगलीच्या वस्त्यांतून शिकून पुढे गेलेली आपली मुले-मुली स्वतः चित्रपट काढू म्हणतात. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतील अत्यंत गरीब कुटुंबांवर एखादा अनुबोधपट काढावा, आणि त्यासाठी वर्गणी जमवावी, असा मनोदय घेऊन एखादा तरुण उद्या तुमच्या दारी येईल. कदाचित तो तुमचाच मुलगा असेल. त्याला तुम्ही काय उत्तर द्याल? आमच्या मते या प्रश्नाचा विचार आधीच करून ठेवणे इष्ट आहे.

अलीकडेच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात येथे एक स्वाभाविक शंका येते, आणि ती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. ज्या दैन्यातून आणि ज्या लाचारीतून बाहेर पडण्यासाठी आम्ही धर्मांतर केले, मेलेली ढोरे ओढणे सोडले, भाकरी मागणे सोडले, तेच दैन्य पुन्हा जगापुढे का मांडावे? आम्ही स्वच्छ राहतो, मुलांना शाळेत घालतो, विहारात जातो. आता पुन्हा आमच्या फाटक्या गोधडीचे चित्र कशाला? ही शंका स्वाभिमानातून येते म्हणून ती आदरणीय आहे. परंतु तिच्यात एक धोकाही आहे. आपण आपले दारिद्र्य झाकले तर ते नाहीसे होत नाही. केवळ त्याचे कारण झाकले जाते. आणि आपण बोललो नाही म्हणून दुसरे गप्प बसत नाहीत. ते आपले चित्र काढतातच, मात्र त्यांच्या सोयीने.

ते कसे काढतात याचा दाखला फार जुना आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी हूपर नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मद्रासकडील उपाशी माणसांचे गट बसवून, मांडून त्यांची छायाचित्रे घेतली. ती आजही पुस्तकांतून छापली जातात. त्या चित्रांत माणसांच्या बरगड्या मोजता येतात. पण एकाचेही नाव नाही, गाव नाही, आणि त्यांची उपासमार का झाली याविषयी एक अक्षर नाही. चित्र घेतल्यावर त्या माणसांचे पुढे काय झाले, याबद्दल टीकाही झाली. भुकेचे चित्र आणि भुकेल्याची साक्ष यांतील फरक याहून स्पष्ट कोठे दिसणार?

जुनी उदाहरणे कशाला? सांगलीचेच एक अलीकडचे प्रकरण पाहा. सांगली शहरात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही संघटना १९९० च्या दशकापासून काम करीत आहे. २०१० साली देवदासी प्रथेसंबंधी ‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’ या नावाचा एक अनुबोधपट परदेशातील एका कंपनीने महाजालावर प्रदर्शित केला. त्यात सांगलीच्या या स्त्रियांचे चित्रण होते. तो पाहिल्यावर त्या संतापल्या. आपल्या बोलण्याचा विपर्यास केला गेला, आपल्यापैकी काहींच्या आजाराची गोष्ट संमती न घेता जगजाहीर केली गेली, आपल्या जगण्याचा तमाशा मांडला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्या चित्रपटाला उत्तर देणारी ध्वनिचित्रफीत तयार केली आणि तीही महाजालावर सर्वांसमोर ठेवली.

देवदासी प्रथेविषयी आमचे मत सर्वश्रुत आहे. १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी जोगतिणी, मुरळ्या, देवदासी अशा भगिनींपुढे भाषण करून तो मार्ग सोडून देण्याचे कळकळीचे आवाहन केले होते. सांगलीच्या या संघटनेची भूमिका त्याहून निराळी आहे, हे आम्ही जाणतो. तथापि एका बाबतीत त्या स्त्रियांची बाजू न्याय्य होती, हे मान्य केलेच पाहिजे. माणूस गरीब आहे, समाजाने हिणवलेला आहे, एवढ्यावरून त्याच्या चेहऱ्यावरचा आणि त्याच्या गोष्टीवरचा त्याचा हक्क संपत नाही. ज्याला कोणी विचारीत नाही त्याला विचारणे, हीच तर माणुसकीची पहिली पायरी होय.

यावर कोणी म्हणेल की, हा परकीयांचा दोष आहे, आपल्या माणसांच्या हातून असे घडणार नाही. असे समजणे चुकीचे ठरेल. बुंदेलखंडातील दलित स्त्रिया चालवीत असलेल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्रावर ‘रायटिंग विथ फायर’ हा अनुबोधपट भारतीय दिग्दर्शकांनीच काढला. तो २०२१ साली पूर्ण झाला, जगभर गाजला आणि २०२२ साली ऑस्कर पारितोषिकाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्यात त्या स्त्रियांविषयी आदरच होता. तरीही ऐन पारितोषिकाच्या वेळी ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढून सांगितले की, आमच्या कामाचा एकच भाग यात मोठा करून दाखविला आहे आणि आमचे पूर्ण चित्र यात नाही. तेव्हा हेतू चांगला असणे पुरेसे नाही. चित्र पूर्ण होण्यापूर्वी ज्याचे चित्र आहे त्याला ते दाखवावे लागते, त्याचे ऐकावे लागते, आणि ऐकण्यासाठी वेळ लागतो. वेळ म्हणजे पैसा. येथेच खर्चाचा प्रश्न उभा राहतो.

वाचकहो, ज्याचा पैसा त्याची घाई, आणि ज्याची घाई त्याचे चित्र. ही गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या देशात अनुबोधपटांचा सर्वांत मोठा आश्रयदाता सरकार होते. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि पुढे अनेक वर्षे प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळापूर्वी त्याचे लघुपट दाखविणे सक्तीचे होते. त्या चित्रांत धरणे होती, कारखाने होते, साक्षरता होती. काही गुणी दिग्दर्शकांनी त्या चौकटीतही धाडसाचे काम केले, हे नाकारता येत नाही. परंतु सरकारच्या पैशाने सरकारला अडचणीचा प्रश्न किती विचारता येणार? २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय अमलात येऊ लागला आणि तो अध्यायही संपला. दुसरा आश्रयदाता म्हणजे दानशूर संस्था. त्यांना देणगीदाराचे हृदय द्रवले पाहिजे असते. म्हणून त्यांना रडणारे मूल हवे असते, विचार करणारी आई नको असते. तिसरा आश्रयदाता दूरचित्रवाणीचा किंवा महाजालाचा व्यापारी. त्याला प्रेक्षकाने पाहत राहावे एवढेच हवे असते. यांपैकी कोणीही दुष्टच असतो असे आमचे म्हणणे नाही. परंतु प्रत्येकाची मागणी वेगळी असते, आणि चित्र त्या मागणीच्या साच्यात उतरते.

स्वतंत्र अनुबोधपट म्हणजे या तिघांच्या साच्याबाहेरचा अनुबोधपट. तो काढणे शक्य आहे काय? आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच दुःखाशी निगडित आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेध करणाऱ्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. त्या घटनेने व्यथित होऊन शाहीर विलास घोगरे यांनी काही दिवसांतच आपले जीवन संपविले. चित्रपट दिग्दर्शक आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवर ‘हमारा शहर’ हा अनुबोधपट काढला होता. त्यात घोगरे यांचे गाणे होते. त्या ओळखीपोटी पटवर्धन कॅमेरा घेऊन रमाबाई नगरात गेले आणि पुढे चौदा वर्षे चित्रण करीत राहिले. २००९ साली न्यायालयाने गोळीबारासाठी एका पोलिस अधिकाऱ्यास दोषी ठरविले, तोवरची वाटचाल त्यांनी पाहिली. २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. तो महोत्सवांत गाजला, पण वस्त्यांमध्ये, चाळींच्या अंगणांत पडदा बांधूनही दाखविला गेला.

चौदा वर्षे! कोणता सावकार, कोणती संस्था, कोणते खाते एका चित्रपटासाठी चौदा वर्षे थांबेल? घाईच्या पैशाने तो चित्रपट निघाला असता तर त्यात केवळ गोळीबार आणि आक्रोश आला असता. वेळ मिळाला म्हणून त्यात गाणी आली, न्यायालयाची दिरंगाई आली, आपल्यातील मतभेद आले, आपल्या माणसांचा हजरजबाबीपणाही आला. आणि तो चित्रपट काढणारा आपल्या समाजातला नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. बाहेरचा माणूस प्रामाणिक असू शकतो. आतला माणूस उतावळा असू शकतो. कसोटी जन्माची नाही, कामाच्या पद्धतीची आहे.

या मार्गात कायद्याचे अडथळेही आहेत. १९५२ च्या चित्रपट कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार महानगरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारी शेजारी ठेवून एक लघुपट काढला, तेव्हा त्यातील काही दृश्ये कापल्याखेरीज सर्वांसाठीचे प्रमाणपत्र मिळेना. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असता सरकारने न कापता प्रमाणपत्र देण्याची तयारी दर्शविली. परंतु पूर्वपरीक्षणाची पद्धत न्यायालयाने १९७० साली वैधच ठरविली. पटवर्धन यांनाही आपले चित्रपट दूरदर्शनने दाखवावेत म्हणून वारंवार न्यायालयाची पायरी चढावी लागली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या एका चित्रपटाबाबत दूरदर्शनविरुद्ध निकाल दिला. तेव्हा चित्रपट पूर्ण झाला म्हणजे काम संपले, असे मानू नये. वकिलाची फी हाही या खर्चाचाच भाग असतो.

तर मग पैसा आणावयाचा कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. सातारा-सांगलीच्या मातीतच ते आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीत बसविणारा हा माणूस श्रीमंत नव्हता. त्याने मुष्टिफंड काढला. घरातील बाईने दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला ठेवावयाचे आणि ते वसतिगृहाच्या मुलांसाठी द्यावयाचे. एक मूठ दिल्याने कोणाचे घर बुडत नाही. पण हजार घरांच्या मुठींनी वसतिगृह उभे राहते. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की, ज्या बाईने मूठ दिली तिला ती शाळा आपली वाटते आणि शाळेचा हिशेब विचारण्याचा तिला अधिकार पोहोचतो.

दुसरे उदाहरण येरळा नदीचे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडी येथील शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साहाय्याने बळीराजा स्मृती धरण बांधावयास घेतले. नदीतील थोडी वाळू विकून, लोकांकडून वर्गणी घेऊन आणि स्वतः श्रम करून त्यांनी ते काम केले. पाण्याचे वाटप करताना जमीन नसलेल्यांनाही पाण्यावर हक्क असावा, असा विचार तेथे पुढे आला. स्वतःच्या पैशाने बांधले म्हणून स्वतःचा नियम करता आला. हेच त्या धरणाचे मर्म होय.

चित्रपटाच्या क्षेत्रातही असे घडले आहे. १९७६ सालचा श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा चित्रपट गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. तो अनुबोधपट नव्हे. तथापि गरीब माणसे निर्माता होऊ शकतात, हे त्याने सिद्ध केले. पुढे तेच शेतकरी आपला चित्रपट पाहण्यासाठी गाड्या भरभरून गेले.

आणि आपल्या चळवळीचा अनुभव तरी काय सांगतो? ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्याच पत्राची जाहिरात, पैसे देऊ केले असताही, ‘केसरी’ने छापली नाही. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली निघाले. त्याचे बहुतेक लेखन बाबासाहेबांना एकहाती करावे लागे. लोकांनी या पत्राचे ऋण ओळखावे असा अग्रलेखही त्यांना लिहावा लागला, आणि तरीही १९२९ साली पैशाअभावी ते बंद पडले. त्या इतिहासातून दोन धडे मिळतात. साहाय्य घ्यावे, पण लेखणी गहाण टाकू नये, हा पहिला. आपल्या माणसांनी वेळेवर मूठ दिली नाही तर उत्तम कामही बंद पडते, हा दुसरा.

आता व्यवहाराच्या गोष्टी बोलू. कॅमेरा स्वस्त झाला म्हणून चित्रपट फुकट होत नाही. गावोगावचा प्रवास, जेवणखाण, चांगला ध्वनी घेण्याची साधने, चित्रणाच्या प्रती सुरक्षित ठेवण्याची सोय, महिनोन्महिने चालणारे संकलन, इतर भाषांतील तळपट्ट्या, प्रमाणपत्राचे शुल्क, वस्तीत पडदा व यंत्र लावण्याचा खर्च, असे अनेक खर्च असतात. यांत एक खर्च नेहमी विसरला जातो. जी बाई दिवसभर रोजंदारीवर जाते तिने तुमच्या कॅमेऱ्यासमोर अर्धा दिवस दिला तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. ती भरून देणे हे दान नव्हे, ते देणे आहे. तिच्या तोंडी हवे ते शब्द घालण्यासाठी पैसे देऊ नयेत. पण तिचा वेळ फुकट समजणे हीही वेठबिगारच होय, आणि वेठबिगार म्हणजे काय हे महारकीच्या आठवणी असलेल्या घरांना सांगावयास नको.

यास्तव, वर्गणी मागणारा तुमच्या दारी आला तर त्याला हाकलू नका, पण डोळे मिटून पैसेही देऊ नका. त्याला काही प्रश्न विचारा. पैसे कोणत्या खात्यात जाणार, पावती मिळणार काय, आणि वर्षअखेर हिशेब विहारात वाचून दाखविणार काय? परदेशातून देणगी येणार असेल तर २०१० च्या परकीय देणगी कायद्याखालील आवश्यक नोंदणी त्या संस्थेकडे आहे काय? ज्यांचे चित्रण होणार त्यांना मराठीत, त्यांना समजेल अशा भाषेत, सर्व काही सांगितले जाणार काय, आणि मध्येच नको वाटले तर नकार देण्याचा अधिकार त्यांना राहणार काय? चित्रपट शहरात किंवा परदेशात दाखविण्यापूर्वी त्याच वस्तीत दाखविला जाणार काय? मुलांच्या उपाशी, उघड्या चेहऱ्यांचा वापर टाळला जाणार काय? बक्षीस किंवा उत्पन्न मिळाले तर त्याचे काय होणार? आणि एक प्रत विहाराच्या ग्रंथालयात कायमची राहणार काय? या प्रश्नांनी जो रागावेल त्याला पैसे देऊ नका. जो वही काढून ते लिहून घेईल त्याच्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाही.

त्याबरोबरच एक अपेक्षाही त्याच्यापुढे ठेवा. अनुबोधपटाने कोरडी विहीर दाखवावी, पण शेजारच्या भरल्या विहिरीवरचा पंप कोणाच्या मालकीचा हेही विचारावे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. पण दोन्ही जिल्ह्यांत कृष्णाकाठचा ऊस आणि पूर्वेकडचे कोरडे माळरान शेजारी शेजारी नांदतात. हे केवळ पावसाने घडविलेले नाही. १९५९ साली महार वतन रद्द झाले, तेव्हा त्या जमिनी कोणाच्या नावावर राहिल्या आणि कोणाच्या कब्जात गेल्या? धर्मांतर केले म्हणून केंद्राच्या सवलतींपासून वंचित राहिलेल्या बौद्धांना १९९० साली अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला; मधली चौतीस वर्षे किती मुलांची शाळा सुटली? याच सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडून तासगाव तालुक्यात ती प्रथम अजमावून पाहिली, महाराष्ट्राने तिचा कायदा केला, आणि २००५ साली साऱ्या देशाने तसा कायदा केला; मग हमी असताना गावे ओस का पडत राहिली? हे प्रश्न ज्या चित्रपटात नाहीत तो दारिद्र्याचा देखावा आहे, दारिद्र्याचा अनुबोध नव्हे.

शेवटी एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. मुलाच्या फीला पैसे नसताना चित्रपटाला वर्गणी कशी द्यावी? आमचे उत्तर स्पष्ट आहे: देऊ नये. मुलांची फी, वह्या, औषध यांतून एक पैसाही काढून चित्रपटाला देऊ नका. चित्रपटाने भूक भागत नाही, आणि जो तसे सांगेल तो तुम्हाला फसवितो. परंतु लग्नातील वाजंत्री, मानपान आणि भोजनावळी यांवर आपण आजही जो खर्च करतो, त्यातून एक मूठ बाजूला निघणार नाही काय? ज्याच्याकडे तेवढेही नाही त्याने आपली साक्ष द्यावी. ती कोणत्याही देणगीपेक्षा मोलाची आहे.

बंधु-भगिनींनो, शतकानुशतके आपल्याविषयी इतरांनी बोलावे आणि आपण ऐकावे, अशी रीत होती. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढून ती मोडली. मसूरच्या वाटेवर तहानलेल्या मुलाने तीस-पस्तीस वर्षांनी आपली कथा स्वतः लिहिली म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे. स्टेशनमास्तरांनी किंवा गाडीवानाने ती कधी सांगितली नसती. तुमच्या घरातील आजी आज ऐंशी-नव्वद वर्षांची असेल. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली असेल, सुकडीसाठी रांगेत उभी राहिली असेल, आणि पाणवठ्यावरून परत पाठविली गेली असेल. उद्या कोणी मोठा चित्रपट काढो अथवा न काढो, तुमच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला या रविवारी आजीसमोर बसवा, फोन हातात द्या आणि आजीला आधी विचारावयास सांगा, ‘आजी, हे मी टिपून घेऊ का?’ आजी हो म्हणाली, तर त्या दुपारी एक स्वतंत्र अनुबोधपट सुरू झाला असे समजा. त्यासाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही.